गिरणीच्या भिंतीमागची बांग

१

व्हिडिओ संपला तरी इन्स्पेक्टर कृष्णकांत शेलारांनी मोबाइल खाली ठेवला नाही. पडद्यावर अंधार होता, बाल्कनीचा कठडा होता आणि लांबवर मशिदीच्या मिनारावरचा हिरवा दिवा. या सगळ्यावर पसरलेली बांग मात्र बंद झाली तरी खोलीत घुमत राहिल्यासारखी वाटत होती.

"परवा पहाटेचा हा," शेलार म्हणाले. "उजाडायच्या आतला. असे ढीगभर आलेत. मॅडम, कायदा तुम्हाला मी काय सांगू? रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्णा लावायचा नाही. देवळाला नाही, मशिदीला नाही, कुणाच्या हळदीलाही नाही. दिवाळीआधी शांतता समितीत देऊळ आणि मशीद, दोघांनी हमी दिली. देवळातली काकड आरती यंदा नुसत्या टाळांवर चाललीय. आणि इकडे हे."

रोशनी घरत कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे. आवाज मोजायचं यंत्र वापरता येतं, म्हणून गणपती-नवरात्रात पोलीस तिला बोलावत. तिचा डावा कान तरुणपणीच एका तापात गेला होता. एका कानाने आवाज किती मोठा ते कळतं, कुठून आला ते कळत नाही. रस्त्यात कुणी हाक मारली की ती चारी दिशांना बघे आणि लोकांना वाटे, बाई भांबावलीय. हळूहळू हाका मारणारेही कमी झाले. खांदा कॉलनीतल्या एकटीच्या घरात ती चांगला कान उशीत घालून झोपे, म्हणजे जग बंद.

समोरच्या खुर्चीत कमरुद्दीन मुकादम बसले होते. बाजारात भांड्यांचं दुकान, पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट. मशिदीचे विश्वस्त म्हणून हमीवर सही त्यांची होती.

"कपाटाला कुलूप असतं साहेब," ते शांतपणे म्हणाले. "सहा वाजल्याशिवाय कर्ण्याचं मशीन उघडत नाही. किल्ली माझ्या खिशात."

"तेच तर. किल्ली तुमच्या खिशात, म्हणजे गुन्हा तुमच्या नावावर. सोमवारपर्यंत मी थांबतो. मग परवाना रद्द आणि गुन्हा दाखल. माझाही नाइलाज आहे, चाचा."

दाराशी उभा असलेला नावेद पुढे आला. तिशीचा, मशिदीचा बांगी. पाचही वेळेला बांग तोच देई. "साहेब, एकदा परत लावा. मला कुणी ऐकूच दिलं नाही अजून."

शेलारांनी लावला. नावेदने डोळे मिटून ऐकला आणि मधेच ताडकन डोळे उघडले.

"ही सकाळची बांगच नाही!"

"म्हणजे?"

"फजरच्या बांगेत एक ओळ जास्त असते. अस्सलातु खैरुम मिनन्नौम. झोपेपेक्षा नमाज चांगली. ती फक्त पहाटे म्हणतात, बाकी चार वेळा नाही. यात ती नाहीच! आमच्यातलं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. ज्याला आमचं काही माहीत नाही, अशा माणसाने मोबाइलवरून कुठली तरी बांग उतरवून घेतली आणि आमच्या नावावर वाजवली." त्याने खिडकीतून दिसणाऱ्या टॉवरकडे बोट केलं. "तक्रार कुणी केली, ते बघा."

शेलारांनी मान हलवली. मुद्दा बिनतोड होता. रोशनीचं लक्ष मात्र कमरुद्दीन यांच्याकडे गेलं. नावेदला जे दोन मिनिटांत कळलं, ते जन्मभर बांग ऐकलेल्या या माणसाला आठवडाभर कळलं नसेल? त्यांना कळलं होतं. आणि तरी स्वतःच्या बचावाचं एवढं मोठं हत्यार त्यांनी बाहेर काढलं नव्हतं.

कमरुद्दीन खाली मान घालून टोपी नीट करत होते.

२

क्रीक पॅरेडाइज टॉवरचे चेअरमन कमलाकर म्हात्रे तिसऱ्या मजल्यावर राहत. मूळचे इथल्याच गावठाणातले. बंदरातली नोकरी करून निवृत्त झालेले. घरात सगळं जागच्या जागी, पेपरसुद्धा घड्या घालून रचलेले.

"मला मुसलमानांचं वाकडं नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "देवळाच्या काकड आरतीचा स्पीकर कुणी बंद करायला लावला? मीच. भावकीतल्या लोकांनी तोंडावर विचारलं, तू हिंदू आहेस का रे? मी म्हटलं, आहे, म्हणून तर घरी पूजा करतो. तिला कुणाची परवानगी लागत नाही. भोंग्याला लागते."

"नावेदचं म्हणणं आहे, कुणीतरी मुद्दाम वाजवतंय."

"म्हणजे मी? वा!" ते उठून उभे राहिले. "मॅडम, आमच्या बाबांचा मंडप-लाउडस्पीकरचाच धंदा होता. बुधाजी म्हात्रेचा कर्णा म्हटला की कोन गावापासून शिरढोणपर्यंत लग्नाची तारीख बदलायचे लोक. देवळाचा पहिला कर्णा त्यांनी बसवला, मशिदीचाही त्यांनीच. आवाजाने माणसाचं काय होतं, ते लहानपणापासून बघितलंय. त्याच घरात मी बारावीचा अभ्यास केलाय, कानात कापूस घालून! मी भोंगा वाजवीन?"

आतून त्यांच्या पत्नीने चहा आणला आणि न बोलता परत गेली.

"घरी कोण कोण असतं?"

"आम्ही दोघं. मुलगा जीवन बोटीवर असतो. आई खाली जुन्या घरात, गावठाणात. कितीदा सांगितलं, वर ये. म्हणते, लिफ्टमधे जीव घाबरतो. रविवारी जातो मी, सामान भरून येतो."

"पहाटे तुम्हाला जाग कशी येते? बांगेने?"

कमलाकरांनी कप उचलला.

"म्हणजे... मला तशी झोप गाढ आहे."

"खिडक्या बंद असतात?"

"नोव्हेंबरात कशाला बंद ठेवायच्या? उघड्याच असतात."

"मग तुम्ही स्वतः एकदा तरी ऐकलीय?"

त्यांनी कप खाली ठेवला. "वरच्या मजल्यांवरचे लोक व्हिडिओ पाठवतात. एक-दोन नाही, सगळे पाठवतात. मी चेअरमन आहे. मला करावीच लागते तक्रार."

"म्हणजे नाही ऐकली."

"नाही," कमलाकर म्हणाले. "एकदाही नाही."

३

दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच रोशनी टॉवरच्या गच्चीवर यंत्र लावून उभी होती. खाली खाडीवर धुकं होतं. एक्स्प्रेस-वेकडून ट्रकांची संथ घरघर येत होती. सोबतीला सर्वांत वरच्या मजल्यावरच्या मोनाली भगत होत्या. शालीत गुरफटलेल्या, झोप मोडल्याने वैतागलेल्या.

"बघा हं, आता होईल सुरू," त्या म्हणाल्या. "नवऱ्याला रात्रपाळी, आत्ता कुठे डोळा लागतो त्याचा. आमचं म्हणणं एवढंच आहे, देवाने झोपही दिलीय ना?"

आणि ती आली. आधी टक-टक असा कोरडा आवाज. मग कुणीतरी फुंकर मारल्यासारखं. मग बांग. यंत्रावरचा आकडा उडी मारून वर गेला.

"तिकडून, मशिदीकडून!" मोनालीने हात लांब केला. मिनार त्याच दिशेला होता. त्याच दिशेला मधली बंद पडलेली भातगिरणी होती आणि तिच्यापलीकडे गावठाणाची कौलंही होती. दोन कानांच्या माणसाला ही तीन ठिकाणं एकच दिशा वाटली, तर त्यात त्याचा दोष नव्हता. रोशनीला तर दिशा नव्हतीच. तिने यंत्र उचललं आणि जिना उतरायला लागली.

प्रत्येक मजल्यावरच्या उघड्या खिडकीशी ती थांबे, आकडा बघे, पुढे उतरे. दहावा, नववा, आठवा: आवाज तसाच खणखणीत. सातवा: तसाच. सहाव्या मजल्याच्या खिडकीशी ती पोचली आणि तिला वाटलं, बांग संपली. संपली नव्हती. यंत्र दाखवत होतं, आवाज होता, पण दाराआडून आल्यासारखा. चौथ्यावर तोही ट्रकांच्या घरघरीत विरून गेला.

ती पायरीवर बसली. धाप लागली होती, पण डोकं स्वच्छ झालं होतं.

प्रकाशाला जशी सावली असते, तशी आवाजालाही असते, उंच भिंतीमागे पडते. मिनारावरचा कर्णा गिरणीच्या भिंतीपेक्षा कितीतरी उंच होता. तिथून निघालेला आवाज पहिल्या मजल्यापर्यंत सगळ्यांना सारखाच ऐकू गेला असता. सहाव्या मजल्यापासून खाली सावली पडते, याचा अर्थ आवाज भिंतीच्या पलीकडून, खालून येत होता.

उजाडल्यावर ती सातव्या मजल्याच्या खिडकीत परत गेली. तिथून गिरणीच्या दगडी भिंतीचा वरचा काठ आणि त्या काठापलीकडे जे पहिलं दिसेल ते, एवढंच तिला बघायचं होतं. सहाव्यावरून ते दिसता कामा नये, सातव्यावरून दिसायला हवं.

काठापलीकडे कौलं होती. बहुतेक घरांना बाहेरून कुलपं, माणसं टॉवरमध्ये गेलेली. दोन घरांत वस्ती असावी, कारण दोरीवर कपडे होते. एका दोरीवर हिरवी ओढणी वाळत होती. दुसरीवर नऊवारी लुगडं.

तिने शेलारांना फोन केला. "मशिदीच्या कर्ण्याचा संबंध नाही. पण त्या हिरव्या ओढणीच्या घरात कोण राहतं?"

पलीकडे कुणाला तरी विचारल्याचं ऐकू आलं. मग शेलार म्हणाले, "गुलशनबी. जुन्या बांगीची, दाऊदचाचांची बायको. चाचा वारले त्याला बरीच वर्षं झाली. मॅडम, हे फार वाईट झालं हो."

४

गुलशनबींच्या ओसरीवर कमरुद्दीन आधीच बसलेले होते. रोशनीला बघून ते उठले आणि दाराच्या आडवे उभे राहिले.

"मला वाटलंच होतं तुम्ही इथे याल. मॅडम, सोमवारी काय लिहायचं ते माझ्या नावाने लिहा. वाजवली मी. झालं समाधान?"

"तुम्ही आवाज ओळखलात," रोशनी म्हणाली. "पहिल्याच दिवशी. तो दाऊदचाचांचा आहे. म्हणून नावेदने काढलेली चूक तुम्ही काढली नाहीत. त्यातून शोध इथपर्यंत आला असता."

कमरुद्दीन दारातून हलले नाहीत.

"हमी देताना नावेद माझ्याशी भांडला होता," ते म्हणाले. "म्हणाला, घटनेत धर्माचं स्वातंत्र्य आहे ना, चाचा? मी म्हटलं, आहे, आणि मी ते कुणाला घेऊ देणार नाही. पण बांग आपल्या दीनची, आपल्या धर्माची; कर्णा दुकानातून आणलेला. कायदा कर्ण्याला हात लावतोय, बांगेला नाही. पायरीवर उभा राहा, तोंडाने दे. ऐन मोहल्ल्यात मी हे बोललो, मॅडम. आता याच मोहल्ल्यातल्या एका बेवा बाईला मी पोलिसात उभी करू?"

"कमरुभाई, सरका." आतून आवाज आला. "कोण आलंय ते मला बघू दे."

गुलशनबी शिवणयंत्रापाशी बसल्या होत्या. चष्म्याची काच जाड, बोटं मात्र चपळ. रोशनीने सगळं सांगितलं आणि मोबाइल पुढे केला.

बांग सुरू झाली. गुलशनबींचा हात शिवणयंत्राच्या चाकावर होता तिथेच राहिला. संपल्यावर त्या म्हणाल्या, "परत."

रोशनीने परत लावली.

"ही त्यांचीच," गुलशनबी म्हणाल्या. "माझ्याकडे त्यांचा आवाज नाही. फोटो आहे, टोपी आहे, आवाज कुणी पकडून ठेवला नाही. तेव्हा कुठे होते असले मोबाइल? मी वाजवायला माझ्याकडे असता, तर मी कुणाला ऐकू दिला असता का? उशीखाली घेऊन झोपले असते."

कमरुद्दीन यांनी तोंड फिरवलं.

"ही दुपारची आहे, जोहरची," त्या पुढे म्हणाल्या. "आणि नमाजासाठी दिलेली नाही. ऐका, सुरुवातीला टकटक करतोय, फुंकतोय. हे ते कधीच करायचे नाहीत. आणि मधे एका ठिकाणी थांबलेत, जणू कुणी हात वर केला. भर बांगेत ते थांबतील? तोबा."

"मग कशासाठी दिली असेल?"

"ते मला कसं ठाऊक, बेटा? मी बाईमाणूस, घरात." त्या मोबाइलकडेच बघत होत्या. "हे माझ्या सायमाच्या मोबाइलवर पाठवाल? भाची आहे माझी. रात्री मी बाजारात तिच्याकडेच झोपायला जाते, म्हणून पहाटे हे माझ्या कानावर आलं नाही. ती लावून देईल मला."

रोशनी ओसरीवर आली. माइकवर बोटाने टकटक कोण करतं? फुंकर कोण मारतं? बांग देणाऱ्याला हात वर करून थांब कोण म्हणतं? नमाजी नाही. मौलवी नाही. ज्याला फक्त कर्णा नीट वाजतो का ते बघायचंय, असा माणूस. नवा कर्णा बसवला की तो भर दुपारी, कामाच्या वेळेत तपासायचा. समोर जो बांगी असेल, त्याला म्हणायचं, द्या एकदा. आणि कुठे फाटतोय ते घरी जाऊन ऐकायला टेपवर धरून ठेवायचं.

"कमरुभाई," तिने विचारलं, "नऊवारी लुगडं कुणाच्या दोरीवर आहे?"

कमरुद्दीन यांनी गल्लीच्या टोकाकडे बघितलं. आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

५

गोदूबाई म्हात्रे अंगणात सुकवलेले सोडे निवडत बसल्या होत्या. पाठीला पोक, कानात जुन्या बुगड्या. मागच्या पत्र्याच्या शेडवर गंजका कर्णा होता, तोंड टॉवरकडे.

"कोण तू? आरोग्यखात्याची काय? मना डोस नको."

"नाही आजी. मी आवाज मोजते."

"आवाज?" त्या हसल्या. तोंडात दोनच दात. "मोज. हतं कनचा आवाज हाय? ती गिरण बंद, ती घरां बंद. कवा कवा कुत्रा भुंकते."

"आणि पहाटे?"

"पाटंची बांग असते ना." त्या सहज म्हणाल्या, जशी दूधवाल्याची वेळ सांगावी. "मशिदीन आता कर्णा लावीत नाय. देवळान पन नाय. कायदा आयला बोलतात. मंग मी लावतय आमच्या म्हाताऱ्याचा."

रोशनी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"तुम्हाला लावता येतो?"

"नको येव? बुधाजी खांबावर चढला, का खालशी वायर मी देवाची. मशीन, टेप, समदा मना ठावं हाय. दाऊदची टेप निगाली पेटीन. मी बोलली, बरा झाला."

"पण आजी, बांग का? तुम्ही तर..."

"कशाला म्हंजे?" गोदूबाईंना प्रश्नच कळला नाही. "बांग जाली का म्हातारा उठायचा. मी चूल पेटवायची. मंग गुलशनचे घरान दिवा लागायचा, मंग समोर कडवाचे घरान. आरती कार्तिकान असते. बांग रोज. आता मना रातची झोप नाय. परून रहतय. किती वाजलं, कोण उठला, काय कलत नाय. वाटतं, मीच मेलय का काय."

"मग घरातल्या घरात, बारीक आवाजात लावायची."

"लावली ना पयली! घरान लावली तं टेप वाजते. भायेरशी आयली, तं गाव हाय असा वाटतं." त्यांनी ओल्या हाताने टॉवरकडे बोट केलं. "म्हून तोंड तिकरं फिरवला. आवाज जाते, त्या बिल्डिंगीवर आपटते, न परत यते. परत यते तवा वाटतं, कोनतरी दुसराच देतंय. तटं माझा कमलाकर रहते."

रोशनीने वर बघितलं. तिसरा मजला गिरणीच्या भिंतीमागे पूर्ण झाकलेला होता.

"कमलाकर कधी काही बोलले नाहीत याबद्दल?"

"त्याला काय आयकू जाते का काय, ठावं नाय," गोदूबाई म्हणाल्या. "ऐतवारी यते. सामान ठेवते. बोलते, आई, गोळ्या घे. जाते."

६

सोमवारी शेलारांच्या खोलीत दार लावून घेतलेलं होतं. रोशनीने सावली, भिंत, टेप, कर्णा हे सगळं सांगितलं. नाव तेवढं सांगितलं नव्हतं. शेलारांना ते तिच्याकडून सकाळीच कळलं होतं आणि त्यांच्या कपाळावरची आठी तेव्हापासून उतरली नव्हती.

"असं करू," ते घाईने म्हणाले. "मशिदीचा दोष नाही, हे सिद्ध झालं. चाचा सुटले. यंत्र कुणाचं ते अज्ञात लिहू. फाइल बंद. कशाला उगाच?"

"अज्ञात नका लिहू," नावेद म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "अज्ञात म्हणजे आम्हीच. लोक बोलणार, सुटले ओळखीवर. जो कोणी असेल त्याचं नाव लिहा."

"नावेद, तू गप बस." कमरुद्दीन म्हणाले. "राहू द्या साहेब. अज्ञात चालेल मला."

"तुम्हाला का चालेल?" कमलाकर म्हात्रे खुर्चीच्या टोकावर आले. "तुमच्यावर आरोप झाला, तुम्ही निर्दोष, आणि खरा माणूस मोकळा? हा कुठला न्याय? मी मंदिरवाल्यांना सोडलं नाही, तुम्हालाही सोडणार नव्हतो, त्यालाही सोडणार नाही. आपल्या देशात धर्म ज्याचा त्याचा, कायदा सगळ्यांचा. कोण आहे तो?"

कमरुद्दीन यांनी रोशनीकडे बघून बारीक मान हलवली. नका सांगू.

तिला मोजायची सवय होती, सांगायची नव्हती. मोजलेलं कागदावर लिहून दिलं की तिचं काम संपे आणि ती घरी जाई. कुणाच्या तोंडासमोर वाचून दाखवायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. पण गप्प राहिली, तर उद्या टॉवरमधले लोक मिनाराकडे बघून काय म्हणतील, ते तिला माहीत होतं.

"बांग दाऊदचाचांची आहे," ती म्हणाली. "मशिदीवर कर्णा बसवला, त्या दुपारी बुधाजी म्हात्र्यांनी तपासायला धरून ठेवलेली. म्हणून तिच्यात पहाटेची ओळ नाही. वाजवणारीला तो फरक माहीत नव्हता. तिच्यासाठी बांग म्हणजे बांग. कर्णा तुमच्या जुन्या घराच्या शेडवर आहे, कमलाकरभाऊ. तोंड तुमच्या खिडकीकडे."

पंख्याखाली टेबलावरचे कागद फडफडले. शेलारांनी त्यांच्यावर हात ठेवला.

कमलाकरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ती... कशासाठी?"

रोशनीने गोदूबाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. स्वतःचा एकही घातला नाही. भिंतीमागची तिसऱ्या मजल्याची सावलीही सांगितली.

"तक्रार मागे घ्या, म्हात्रे," शेलार हळू म्हणाले. "वय बघा त्यांचं."

"नाही." कमलाकरांनी अर्ज पुढे ओढला. संशयिताच्या जागी असलेलं मुकादमांचं नाव त्यांनी खोडलं आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: गोदूबाई बुधाजी म्हात्रे. "कोर्टात दंड होईल तो मी भरेन. मशीन आज जप्त करा."

"आईला काय सांगाल?" कमरुद्दीन यांनी विचारलं. "मुलानेच नाव लिहिलं म्हणून?"

"तेच सांगणार." कमलाकर उठले. दाराशी जाऊन थांबले. "आणि हेही सांगणार, की ती रोज हाक मारत होती आणि मला ऐकू येत नव्हती."

७

कर्णा उतरवल्यानंतरच्या पहाटे रोशनी खात्री करायला गावठाणात गेली. नियमाने तिला एकदा मोजणी करून द्यायची होती. गोदूबाईंच्या ओट्यावर खाटेवर कमलाकर घोंगडी ओढून झोपले होते, घोरत. गोदूबाई जाग्या होत्या, पायरीवर, हात गुडघ्यांभोवती.

"आयलीस? बस." त्यांनी सरकून जागा केली. "हा रातचा आयलाय. बोलते, आता हतंच झोपणार. किती दिस झोपतं ते बघू."

"रागावलात का त्यांच्यावर?"

"रागावू काय? लिवला ना पुरा नाव. बापाचा पन लिवला." मग त्या म्हणाल्या, "पन आता भायेर काय आयकू येत नाय."

धुकं होतं. यंत्रावर ट्रकांची लांबची घरघर आणि कमलाकरांचं घोरणं, एवढंच उमटत होतं. गुलशनबींच्या घरात अंधार होता. गल्लीतली कुलपं धुक्यात ओली झाली होती.

"जाली काय बांग?" गोदूबाईंनी विचारलं.

रोशनीने गल्लीच्या तोंडाकडे बघितलं. दूर मशिदीच्या पायरीवर, उघड्या बल्बखाली नावेद उभा होता. एक हात कानाशी, मान किंचित वर. इतक्या लांबून त्याचा एक शब्दही येत नव्हता. तिच्या चांगल्या कानाला नाही, म्हातारीच्या कानांना नाही, यंत्रालाही नाही.

"आत्ता देतोय," ती म्हणाली. "ते बघा."

गोदूबाई डोळे बारीक करून त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर डोक्यावर घेतला. नावेदचा हात खाली येईपर्यंत त्यांनी तो तसाच राहू दिला.